लांब बोल्ट शेवटी

“पाना खाली ठेव, अविनाश.”

“माय, तू घरी जाय बरं. तिकडं बॉयलर पेटलेला हाये, सरकी येऊन पडली, अन् तू इथं वाट अडवून उभी.”

“बॉयलर काय पळून जाऊन राह्यला? पाना ठेव म्हटलं ना.”

“काऊन ठेवू? एक फाटलेला रबर बदलायचा हाये. बोल्ट काढले, झाकण उचललं, झालं. तू त असं करून राह्यली जसा डब्यात साप हाये.”

“साप बरा. साप आपल्या वाटेनं निघून जाते.”

या मायलेकाचं भांडण ज्या डब्यावरून चाललं होतं, त्या डब्यात साप नव्हता. मी होते. मी स्प्रिंग बोलतेय. पिळाची, पोलादाची, अंगठ्याएवढ्या जाड सळीची. भांडण तसंच चालू राहू द्या, ते लवकर संपणारं नव्हतं. पंचफुलाला मी पुरती ओळखते. तोवर माझी हकीकत ऐका, म्हणजे कोण बरोबर होतं ते मला सांगावं लागणार नाही.

सोनाळ्याहून वरवट बकालकडे येताना रस्त्याला लागून सरकीच्या तेलाची एक गिरणी आहे. बाहेर कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचे ढीग दिसतील, आत धडधड ऐकू येईल, आणि ढेपेचा तो गोडसर भाजका वास तर फाट्यापासूनच येईल. त्या गिरणीत बॉयलरपासून सरकी शिजवायच्या हंड्यापर्यंत वाफेचा पाइप जातो. पाइपावर एक वॉल्व्ह आहे आणि त्या वॉल्व्हच्या डोक्यावर, दोन घमेली तोंडाला तोंड लावून ठेवावीत तसा एक गोल लोखंडी डबा. डब्याच्या आत आडवा ताणलेला रबरी पडदा. पडद्याच्या खाली हवा, पडद्याच्या वर मी.

काम सोपं आहे. खालून कॉम्प्रेसरची हवा येते, ती पडदा वर ढकलते, मी आणखी दाबली जाते, वॉल्व्ह उघडतो, वाफ पुढे जाते. हवा गेली की मी पडदा खाली ढकलते आणि वॉल्व्ह बंद. बस. वीज जाते ना तुमच्याकडे? आमच्याकडे ती येते हीच बातमी असते. वीज गेली की कॉम्प्रेसर बंद, हवा बंद, आणि त्याच दमात मी वाफ बंद करते. कुणाला धावत यावं लागत नाही. हंडा करपत नाही, कुणी भाजत नाही. माझ्या भरवशावर गिरणीतली माणसं निवांत चहाला जातात आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण जाताना निदान एकदा वळून बघावं, एवढं मात्र वाटतं.

हे करता यावं म्हणून मला कायम दाबून ठेवलेलं असतं. हवा असो नसो, डब्यात मी मुळातच निम्म्या उंचीत बसवलेली आहे. ही तक्रार नाही. दाबली नाही तर स्प्रिंग म्हणजे नुसती लोखंडाची वेटोळी, तिला कोण विचारतो? पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मला राग येत नाही. माझ्यात जोर आहे, आणि तो जोर माझ्या हातात नाही. झाकण सुटलं की मी सुटले. समोर कुणाचं तोंड आहे, तो कुणाचा लेक आहे, हे मला पाहता येत नाही. त्या दिवशी समोर अविनाशचं तोंड होतं. म्हणून तर पंचफुला भांडत होती, आणि म्हणून आत बसून मी तिच्याच बाजूची होते.

माझा जन्म काही नाजूक नाही. एक सरळ सळी होते मी. भट्टीत लालबुंद केली, फिरत्या रुळावर गुंडाळली, आणि तशीच तेलात बुडवली. जो आवाज निघाला तो माझा पहिला आवाज. मग पुन्हा मंद आचेवर ठेवलं, म्हणजे नुसता कडकपणा राहू नये, थोडी समजही यावी. शेवटी दाबयंत्राखाली घालून पार जमिनीला टेकवली आणि सोडली. पुन्हा टेकवली, पुन्हा सोडली. माझ्या बरोबरीच्या काही जणी त्यात खाली बसल्या, पुन्हा पूर्ण उंचीला आल्याच नाहीत. त्यांना बाजूला फेकलं. मी बसले नाही.

पहिली नोकरी लांबच्या एका कागदाच्या कारखान्यात झाली. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. तिथे मला नंबर होता, नाव नव्हतं. कारखाना बंद पडला आणि मी डब्यासकट भंगाराच्या वखारीत येऊन पडले. शेजारी एक मोडकी लिफ्ट आणि गंजलेल्या तिजोऱ्या. पावसाळे गेले. वरून गंज चढला, पण आत मी तशीच ताठ, झाकणाला खांदा लावून.

तिथून मला रंगरावांनी उचललं. रंगराव म्हणजे संग्रामपूरकडचे मोठे जमीनवाले. आपल्या भागातली सरकी बाहेर जाते आणि तेल होऊन परत येते, हे त्यांना खुपायचं. म्हणून त्यांनी गिरणी काढली. नवी मशिनरी झेपण्यातली नव्हती, म्हणून वखारी पालथ्या घातल्या. बरोबर होता शेषराव मिस्त्री, उंच, बारीक, तोंडात सुपारी. तोवर त्यानं विहिरींवरची इंजिनं तेवढी दुरुस्त केलेली. त्यानं डब्यावर हाताची बोटं वाजवली, कान लावला आणि म्हणाला, “हे घ्या मालक. आत जीव हाये.”

आयुष्यात मला कुणी चांगलं म्हटलं ते हे पहिल्यांदा.

गिरणी उभी राहत होती तेव्हा वॉल्व्हचं काम जमवायला बाहेरून एक फिटर आणला होता. हुशार असेल, पण घाईचा. डब्याच्या कडेला गोल फिरत बोल्टांची माळ असते. सगळे आखूड, फक्त समोरासमोरचे दोन लांब, बाकीच्यांपेक्षा चांगले वर आलेले. लांब दिसतात, पाना पटकन बसतो, म्हणून त्यानं आधी तेच दोन काढले. मग आखूड एकेक करत निघाला. शेवटचे काही राहिले आणि त्यांना माझा जोर पेलवला नाही. पाना हातातून पडला म्हणून तो खाली वाकला, तेवढ्यात झाकण गेलं. वरचा पत्रा फाडून गेलं आणि बाहेर पऱ्हाटीच्या ढिगात जाऊन पडलं. मी त्याच्या मागोमाग छताला लागून खाली आले. फिटर वाकला होता म्हणून वाचला. त्याच पावली जो गेला तो पुन्हा या रस्त्याला दिसला नाही. यात माझा दोष मी घेत नाही. मला विचारून कुणी बोल्ट काढले नव्हते.

शेषराव मात्र पळाला नाही. त्यानं मला उचलून पोत्यावर ठेवलं, सगळे बोल्ट गोळा करून माझ्यापुढे ओळीनं मांडले आणि उकिडवा बसून राहिला. तेवढ्यात त्याची बायको भाकरी घेऊन आली. तीच पंचफुला. तेव्हा नऊवारी घट्ट नेसायची आणि बोलायची त्याहून घट्ट. शाळेची पायरी तिनं पाहिली नव्हती.

“हे दोन लांब काऊन हायेत?” तिनं विचारलं.

“मिळाले नसतीन बरोबरचे.”

“मंग दोनच काऊन? अन् समोरासमोरच काऊन?”

शेषरावनं भाकरीचा घास तसाच हातात धरला. मग दोघं मिळून मला पुन्हा डब्यात घालून, झाकण ठेवून, फक्त ते दोन लांब बोल्ट लावून पाहत बसले. सगळे आखूड काढले तरी हे दोघं झाकण धरून ठेवतात. मग त्यांची चाकी, म्हणजे नट, थोडी थोडी सोडत गेलं की झाकण थोडं थोडं वर येतं, आणि त्यांची लांबी संपायच्या आत माझा जोर संपतो. जोर संपला की मी मांजरीसारखी. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. त्यांनी ते दुपारभर खेळून शोधून काढलं, आणि शेवटी झाकण हातानं उचललं तेव्हा पंचफुला एवढं हसली की डोक्यावरचा पदर मागे गेला.

मग दरवर्षी तेच. दसरा झाला, कापूस घरात यायला लागला, की सरकीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मला खोलायचं. आधी वाफ बंद, पाइप निवलेला, हवेची नळी सोडलेली. कुणीही झाकणावर वाकायचं नाही, बाजूनंच उभं राहायचं. आखूड बोल्ट आधी. लांब शेवटी. आणि लांबांना दोन माणसं लागायची, एकेका बाजूला एकेक, कारण दोन्ही बाजू सारख्या सुटल्या पाहिजेत. एकानं अर्धा फेरा द्यायचा, मग दुसऱ्यानं अर्धा. शेषराव उगवतीच्या बाजूला, पंचफुला मावळतीच्या.

आणि भांडण सुरू.

“तुही पाळी.”

“घेतली. मह्या भावाच्या पोरीच्या लगनात तुमी जेवले काऊन नाही?”

“जेवलो ना.”

“वरण-भात खाऊन उठले. सारी पंगत पाहून राह्यली होती. तुमची पाळी.”

“पोट बरोबर नव्हतं. घेतली.”

“बुंदी आली तवा बरोबर झालं होतं.”

“बुंदीनं पोट बरोबर होते, वैद्य सांगते.”

“कोणता वैद्य? त्याले बोलवा इकडं. पाळी तुमची हाये, माह्याकडं काय पाहून राह्यले?”

घरातलं भांडण कसं असतं? एक जण तोंड फिरवून अंगणात जातो, दुसरा भांडी आपटतो, आणि ते तसंच आठवडाभर आंबत पडतं. माझ्यावरून चाललेल्या भांडणात ती सोय नव्हती. रुसून निघून जाता येत नव्हतं. एकानं हात सोडला आणि दुसरा फिरवत राहिला तर झाकण तिरपं होणार, आणि तिरपं झाकण म्हणजे काय ते पत्र्याचं भोक दाखवत होतं. म्हणून दोघांना थांबावंच लागायचं, ऐकावंच लागायचं, आणि पाळी आली की हात पुढे करावाच लागायचा. वर्षभर साठलेलं सगळं त्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांत निघायचं. नणंदेचं निघायचं, म्हशीचं निघायचं. लेकाला शिकायला मामाकडे रोहिणखेडला ठेवलं, ते बरोबर केलं की चूक, हे तर दरवर्षी निघायचं. झाकण मोकळं होईपर्यंत दोघंही दमलेले आणि गप्प. मग शेषराव म्हणायचा, “चाल व, उचल.”

पुढच्या दोन घटका माझ्या. वर्षातून तेवढ्याच वेळेला मी पूर्ण उंचीनं उभी राहायचे. पंचफुला मला रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, पिळाच्या आत बोट घालून मळ काढायची, आणि दारातल्या उन्हात पोत्यावर उभी करायची. गिरणीच्या दारातून उत्तरेला सातपुडा दिसतो. दसऱ्यानंतर हवा स्वच्छ असते, तेव्हा तो इतका निळा असतो की जवळ येऊन उभा राहिल्यासारखा वाटतो. ती दोघं माझ्या बाजूला बसून भाकरी आणि ठेचा खायची. खाऊन झालं की शेषराव माझ्या डोक्यावर पंजा ठेवून सगळ्या अंगानं दाबायचा. मी काही दबायचे नाही. तो हसायचा. “पाय, अजून बसली नाही,” असं दरवर्षी पंचफुलाला सांगायचा. आणि ती म्हणायची, “मी बसली का?”

मग पुन्हा आत. खाली पडदा सारखा पसरून, मी, माझ्यावर झाकण. आता उलटं. लांब आधी, अर्धा फेरा तिचा, अर्धा त्याचा, दोन्ही कडा एकमेकींना टेकेपर्यंत. मग आखूड, तेही एका बाजूनं सरळ नाही, समोरासमोरचे जोडीनं आवळत. पडद्याला कुठे चुणी पडली आहे का ते पंचफुला कडेवरून नख फिरवून पाहायची. पत्र्याचं भोक मात्र शेषरावनं बुजवू दिलं नाही. रंगरावांनी विचारलं तेव्हा म्हणाला, “राहू द्या मालक. हात चालायला लागला की माणूस वर पाहणं इसरते.”

शेषराव गेला तो माझ्यामुळे नाही, दम्यामुळे. रुईच्या धुळीत आयुष्य गेलं होतं त्याचं. तो गेल्यावर पंचफुला कामावर तशीच येत राहिली. पट्टे, वॉल्व्ह, कॉम्प्रेसर, सगळं तिच्याकडे. कुणीतरी म्हटलं, बाईमाणूस हे कसं करीन. ती म्हणाली, “इतके दिवस अर्धं मीच करत होती, आता पुरं करतो.” पण मला तिनं पुन्हा खोललं नाही. रबर नवा होता हे खरं. पण मावळतीच्या बाजूला उभं राहून पलीकडे पाहायचं तिच्यानं होत नव्हतं, असं मला वाटतं. मला कुणी विचारलेलं नाही. पुढे तिचे गुडघे गेले, ती घरी बसली, आणि मला खोलणारं कुणी राहिलं नाही. दसरे येत होते आणि जात होते. मी आत निम्म्या उंचीत, आणि बाहेरचा सातपुडा निळा झाला की नाही हे मला कळत नव्हतं.

मग अविनाश जालन्याहून परत आला. तिकडच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून आलेला. कारागीर चांगला आहे, खोटं कशाला बोलू? त्यानं घातलेली वेल्डिंगची शिवण पाहावी, आईच्या गोधडीसारखी सारखी असते. गिरणीची सगळी देखभाल त्यानं घेतली. फक्त मला खोलताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दसऱ्यानंतरच्या त्या दिवसांत तो लहानपणी रोहिणखेडला शाळेत असायचा.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. खंडेनवमीला सगळं घासूनपुसून रंगवायचं, दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आपट्याची पानं. आदल्या वर्षी रंगरावांची सून पुष्पांजली माझ्या डब्याला कुंकू लावायला वाकली आणि लांब बोल्टात तिचा पदर अडकून फाटला. अविनाशच्या ते मनाला लागलं. त्यात ते दोन बोल्ट गंजलेले, वर आलेले, नव्या रंगात अगदी दात पुढे आल्यासारखे दिसायचे. पंचफुला पुढच्या दसऱ्याला माहेरी गेलेली. अविनाशनं ग्राइंडर लावला आणि दोन्ही बोल्ट चाकीच्या बरोबरीनं कापून टाकले. वर कानस फिरवली, लाल रंग दिला. सगळी माळ आता एकसारखी. बघणाऱ्यांनी वाहवा केली. “बाबाले त्या येळेस मिळाले नसतीन बरोबरचे,” असं त्यानं सांगितलं, बापाची बाजू सावरून घेत. मी आतून ते ग्राइंडरचं कण्हणं ऐकत होते. माझी सुटायची सरळ वाट कापली जात होती. मला ओरडता येत नाही.

आणि मग पडदा फाटला. ऐन हंगामाच्या तोंडावर फसफस सुरू झाली, हवा टिकेना, वॉल्व्ह उघडेना. अविनाशनं नवा रबर आणला, वाफ बंद केली, हवेची नळी सोडली. तेवढं त्यानं बरोबर केलं. आणि झाकणावर वाकून तो पाना लावणार, तेवढ्यात पंचफुला डबा घेऊन दारात आली. भाकरीचा डबा. इथून तुम्ही ते भांडण ऐकलंत. आता पुढचं ऐका.

“लांब बोल्ट कुठं गेले?” तिनं विचारलं.

“कापले. वर निघून राह्यले होते. पुष्पांजली वहिनीचा पदर फाटला मागं.”

“कापले,” ती म्हणाली. तिनं अंगठा त्या कापल्या टोकावरून फिरवला. मग ते दोन बोल्ट कशासाठी होते ते तिनं त्याला सांगितलं, हळू आवाजात, एकदाच. वर पत्र्याकडे बोट दाखवलं. अविनाशनं वर पाहिलं. त्याला कळलं, हे त्याच्या श्वासावरून मला कळलं. पण कळणं वेगळं आणि पाना खाली ठेवणं वेगळं.

“बरं, असन तसं,” तो म्हणाला. “मी वरून चेन पुली अडकवतो. झाकण जाते कुठं?”

“साखळीले ढील असते का नाही? तेवढी ढील पुरते तिले.”

“क्लॅम्प लावतो.”

“क्लॅम्प घसरते.”

“मंग काय खामगावले जाऊ? पक्के लांब बोल्ट इकडं भेटत नाहीत. आजचा दिवस गेला न मंग. रंगरावांले जबान देली मी, सांजच्याले गिरणी चालू करून देतो म्हणून.”

“जबान मी मांगून आणतो परत. देतीन ते.”

“माय, जालन्याले याच्याहून मोठमोठ्या मशिनी खोलल्या मी.”

“अन् मी इथं भाकरी थापल्या. दोन्ही खरं हाये. पाना ठेव.”

“तुले मह्या कामावर भरोसा नाही, हे सरळ सांग ना.”

“तुह्यावर हाये अन् तिच्यावर बी हाये. दोघं बी आपापलं काम बरोबर करान, म्हणूनच मले भेव वाटते.”

अविनाशचा जबडा आवळला. बापासारखाच, मान थोडी खाली घालून. चेन पुली आणून त्यानं झाकणावर अडकवली, हातानं ओढून पाहिली, आणि पाना पहिल्या बोल्टावर बसवला. रंगाचा पापुद्रा तडकल्याचा आवाज झाला. चाकी जागची हलली नव्हती, पण हलणार होती. माझ्या अंगातला सगळा जोर त्या बाजूला जाऊन उभा राहिला. थांब म्हणावं तर मला तोंड नाही.

तेव्हा पंचफुला जे बोलली, त्या वाक्यानं ते भांडण संपलं. ते वाक्य शेवटी सांगते. ते सांगून झाल्यावर मला दुसरं काही बोलावंसं वाटणार नाही, म्हणून बाकीचं आधी आटोपून घेते.

अविनाश खामगावला गेला. चांगल्या जातीचे लांब बोल्ट आणले, पूर्ण आटे असलेले. बाकीचे सगळे बोल्ट जागच्या जागी ठेवून एक कापलेला काढला, त्या भोकात लांब घालून आवळला. मग समोरचा, तसाच. दोन्ही लांब पक्के बसल्यावर आखुडांना हात लावला. आणि शेवटी मायलेक समोरासमोर आली. अविनाश उगवतीच्या बाजूला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो आपसूक तिकडे गेला. पंचफुला स्टुलावर बसून, गुडघा पुढे काढून, मावळतीला.

“तुही पाळी,” ती म्हणाली.

“घेतली. तुमी दोघांनी मले कधी सांगितलं काऊन नाही हे?”

“तू इचारलं कधी? घेतली मी.”

“बाबा बिमार होते तवा बी नाही सांगितलं. सारं झाल्यावर फोन केला. घेतली.”

पंचफुलानं आपली पाळी घ्यायला उशीर लावला. चाकीवर पाना तसाच. मग अर्धा फेरा दिला. “त्याहीनंच मना केलं होतं,” ती म्हणाली. “पोराची नोकरी जाईन म्हणत.”

अविनाश रुसून जाऊ शकत नव्हता. झाकण दोघांच्या मध्ये होतं. तो थांबला, नाक ओढलं, आणि पाळी आली तसा हात पुढे केला. मी ढिली होत गेले. इतक्या वर्षांनी.

आता मी परत माझ्या जागी आहे. नवा पडदा, नवा रंग. लांब बोल्ट वर आलेलेच आहेत. त्यांच्या टोकांवर अविनाशनं रबरी नळीचे तुकडे चढवलेत, म्हणजे कुणाचा पदर फाटायचा नाही. मी थोडी बसले आहे, लपवण्यात अर्थ नाही. शेषराव असता तर पंजा ठेवल्याबरोबर त्याला कळलं असतं. बिनस्प्रिंगचे, विजेवरचे वॉल्व्ह आलेत म्हणतात, रंगराव चौकशी करताहेत. येऊ देत. वीज गेल्यावर ते काय करतात ते मलाही पाहायचं आहे. माझी उचलबांगडी होईल त्या दिवशी मी भंगारात जाईन, तेव्हाही डब्यात निम्म्या उंचीतच असेन, आणि कुठल्यातरी वखारीत कुणीतरी पाना घेऊन माझ्यासमोर येईल. त्याला माझं सांगणं आहे. बाबा रे, घाई असेल तर आधी घरी जा, जेवून ये. मग बाजूला उभा राहा, लांब कोणते ते बघ, आणि नसतील तर हात लावू नको. आणि समोरच्या बाजूला कुणाला तरी बोलाव. भांडण असलेलं माणूस असेल तर उत्तम.

तर त्या दिवशी. पाना बोल्टावर होता, पापुद्रा तडकला होता. पंचफुलानं भाकरीचा डबा खाली ठेवला. पदर खोचला. पाइपाच्या आधाराला जी लोखंडी पायरी आहे तिच्यावर एक पाय ठेवला, दुसरा उचलला, गुडघा कटकन वाजला. चेन पुलीची साखळी तिनं ओढणीसारखी बाजूला सारली आणि सगळ्या वजनानिशी झाकणावर मांडी घालून बसली. खाली मी, वर ती, मध्ये बोटभर लोखंड. तिची ऊब मला झाकणातून लागत होती. अविनाशचा हात पान्यावर तसाच गोठला. तिनं वरून त्याच्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली,

“काढ बोल्ट, उडाली त मी थेट तुह्या बापाजोळच जाईन, अन् त्याहीले सांगीन का तुमच्या पोरानंच मले धाडलं.”